शिंका मोजणारी माणसं

आफ्रिकेत बोट्सवाना नावाचा देश आहे, तिथे ओकावँगोच्या पाणथळ भागात जंगली कुत्र्यांचे कळप राहतात, आणि शिकारीला निघायचं की अजून थोडं लोळायचं हे ते कुत्रे शिंकून ठरवतात. गंमत नाही करत, खरंच शिंकून. दुपारची झोप झाली की कळपातला एक उठतो, मग दुसरा, मग तोंडाला तोंड लावणं, शेपट्या हलवणं, अंगाला अंग घासणं असा सगळा गोंधळ सुरू होतो, आणि त्या गोंधळात जितक्या जास्त शिंका पडतात तितकी कळप खरोखर निघायची शक्यता जास्त. २०१७ मध्ये हा रिसर्च छापून आला. संशोधकांनी अशा ६८ जमवाजमवी बघितल्या, शिंका मोजल्या, आधी कोण उठलं ते लिहून ठेवलं, आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट अशी निघाली की कळपाचे म्होरके नर-मादी त्यात सामील असतील तर तीनेक शिंकांत काम भागतं, पण एखाद्या बारक्या कुत्र्याने मनावर घेतलं असेल तर दहाएक शिंका लागतात. आमच्या ऑफिसातही साधारण हाच रेट आहे.

घरी मात्र बरोब्बर उलटं. कोणी बाहेर निघालं, चपला घातल्या, गाडीची किल्ली हातात घेतली आणि मागून शिंक आली की सासूबाईंचा आवाज येतो, "थांब ग बाई, बस दोन मिनिटं, घोटभर पाणी पी अन् मग निघ." मग बाहेर मे महिन्याचं ऊन असो की स्टेशनवर गाडी लागायची वेळ झालेली असो, बसायचं म्हणजे बसायचं. त्यांना मी हा कुत्र्यांचा रिसर्च वाचून दाखवला. त्या सांबार निवडत होत्या (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी, कोथिंबीर). वर न बघता म्हणाल्या, "ते कुत्रे होय, त्यायचं काय घेऊन बसली." मग थोड्या वेळाने आपणहूनच, "पण आपल्यातही एक शिंक वाईट, दोन आल्या तर चालते हं." म्हणजे आकडा यांच्याकडेही आहेच.

आपल्या ताडोबा-पेंचमधले रानकुत्रे, ज्यांना कोळसून म्हणतात, ते या आफ्रिकेवाल्यांचे लांबचे नातेवाईक. ते शीळ घालतात. पांगलेला कळप शिट्ट्या मारत एकमेकांना परत गाठतो. जिप्सीतल्या पब्लिकला वाघच पाहिजे असतो म्हणून कोळसून दिसले तरी लोक "हां हां, चला पुढे" करतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

तर असले रिसर्च मला मनापासून आवडतात. व्हॉट्सॲपवर जे 'शास्त्रज्ञही झाले हैराण' टाईप येतं ते मी न वाचताच डिलीट करते, त्यात शास्त्रज्ञ कोण, कुठले, कशाने हैराण झाले काही म्हणजे काही नसतं. मला मजा वाटते ती या विचाराची की कोणीतरी चांगला शिकलेला, पगारी माणूस वही घेऊन उन्हात बसलाय आणि कुत्रं शिंकलं की एक रेघ मारतोय. घरी काय सांगत असेल तो? "आज काय केलं?" "आज एकोणीस शिंका."

अशा माणसांसाठी १९९१ पासून मार्क अब्राहम्स नावाचे अमेरिकन गृहस्थ 'इग नोबेल' नावाची बक्षिसं देतात. अट एकच, रिसर्च ऐकून आधी हसू यायला पाहिजे आणि मग डोकं चालायला लागलं पाहिजे. खऱ्या नोबेलची टिंगल म्हणून लोक याच्याकडे बघतात पण आंद्रे गाईम या माणसाने २००० साली जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगवून इग नोबेल घेतलं आणि २०१० मध्ये ग्राफीनसाठी (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) खरं नोबेल पण घेतलं, त्यामुळे टिंगल वगैरे म्हणताना जरा जपून. आपल्या लोकांनी पण यात बऱ्यापैकी बाजी मारलीये. २००१ चं सार्वजनिक आरोग्याचं इग नोबेल बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांना मिळालं, विषय होता शाळकरी मुलं नाकात बोटं किती घालतात. चार शाळा, २०० मुलं. जवळपास सगळ्यांनी कबूल केलं की घालतो, साधारण मधला आकडा दिवसाला चार, आणि साडेसात टक्के पोरं अशी निघाली की जी वीसपेक्षा जास्त वेळा. हे मी जेवताना वाचून दाखवलं (चुकीची वेळ, मान्य आहे, पण घरात सगळे एकत्र तेव्हाच सापडतात) तर आमच्या नववीतल्या सॅम्पलने "आमच्या क्लासमध्ये असं कोणीच नाही करत" म्हणून ठाम स्टेटमेंट दिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

पुढच्याच वर्षी, २००२ ला, केरळ कृषी विद्यापीठातल्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांना गणिताचं. त्यांनी हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र बसवलं. ऐकायला भैताडपणा वाटतो, की बाबा हत्तीला काय रंग द्यायचाय का, पण अंगातली उष्णता किती बाहेर पडते किंवा औषधाचा डोस किती लागेल असल्या हिशोबांना कातडीचं क्षेत्रफळ लागतं, आणि दरवेळी हत्तीला कागद गुंडाळून मोजता येत नाही. त्यांच्या सूत्रात दोनच मापं घ्यायची, खांद्यापर्यंतची उंची आणि पुढच्या पायाचा घेर. आता यातली मला आवडलेली गोष्ट अशी की हत्तीवाल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे की पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट म्हणजे साधारण हत्तीची उंची. चिखलातला ठसा बघून हत्ती केवढा ते सांगतात. म्हणजे जुन्या माणसांचं मोजणं कच्चंच असतं असं काही नाही. जिथे चुकल्यावर हत्ती अंगावर येतो तिथे त्यांनी नीट मोजलेलं दिसतं.

जिथे चुकून काही बिघडत नाही, तिथे मात्र आनंद आहे. आणि इथे मला कावळ्यावर यायचंय, जरा वेळ घेणार आहे.

आमच्याकडे कावळा गॅलरीच्या कठड्यावर बसून ओरडला की पाहुणे येतात. हे सासूबाईंचं ठाम मत. उदाहरणं तय्यार असतात, अमरावतीची नणंद न सांगता आली त्या दिवशी कावळा, काटोलचा भाचा लग्नाची पत्रिका घेऊन आला त्या दिवशी कावळा. मी एकदा विचारलं, "आई, कावळा ओरडला अन् कोणीच नाही आलं असंही होत असेल ना?" त्या म्हणाल्या, "होत असन. ते कोण ध्यानात ठेवते?"

मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. कावळा ओरडला आणि पाहुणे आले, हे लक्षात राहतं कारण त्याला चहा करावा लागतो, पोहे करावे लागतात, वर शेव नाही म्हणून कोणाला तरी खाली पिटाळावं लागतं. कावळा ओरडला आणि कोणी आलं नाही, किंवा पाहुणे आले आणि कावळ्याचा पत्ता नव्हता, किंवा दोन्ही नाही, या तीन प्रकारच्या दिवसांची कुठे नोंदच होत नाही, आणि असे दिवस तर ढिगाने. शास्त्रज्ञ माणूस हुशार असतो म्हणून त्याचं खरं निघतं असं मला आता वाटत नाही, तो फक्त त्या रिकाम्या दिवसांची पण रेघ मारतो. भयंकर बोअरिंग काम आहे. आणि ते बोअरिंग काम केल्यावर जे हाती लागतं ते कधीकधी पाहुण्यांच्या शकुनापेक्षा कितीतरी अचाट असतं.

हे बघा. २००६ साली अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ या पक्षीशास्त्रज्ञाने आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून कॅम्पसवरचे सात कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. इजा काही केली नाही. त्यानंतर कोणीही तो मुखवटा घालून कॅम्पसवर फिरलं, मग ती मुलगी असो, म्हातारा असो, लंगडत चालो की टोपी घालून चालो, की कावळे काव काव करत डोक्यावर. आणि आता बोअरिंग पण महत्त्वाचा भाग. त्यांनी एक दुसरा मुखवटा पण ठेवला होता, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. कारण कावळे नुसत्या रबरी तोंडाला घाबरत असतील तर? चेनींच्या मुखवट्याने कोणाला पकडलं नव्हतं, आणि तो घालून फिरलं तर कावळे फारसं मनावर घेत नव्हते. (राजकारणावर मी काही बोलणार नाही.) पुढची वर्षं हे लोक फिरतच राहिले आणि बघतात तर काय, ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असे कावळे, आणि ज्यांचा तेव्हा जन्म पण झाला नव्हता अशी पिल्लं, सगळी त्या एका चेहऱ्यावर तुटून पडताहेत. आईबापांनी दाखवलं, शेजाऱ्यांनी दाखवलं, वैर पुढे चाललं. ही आपल्या गावकावळ्याची जात नाही, तिकडची वेगळी, पण भाऊबंदच.

आणि ती माठात खडे टाकणारी गोष्ट, जी बालवाडीपासून आपल्या डोक्यात बसलेली आहे, ती पण कोणीतरी करून बघितली. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये. कावळ्याच्याच कुळातला रूक नावाचा पक्षी असतो, तसे चार घेतले, उभ्या पारदर्शक नळीत थोडं पाणी, त्यावर तरंगणारी अळी, चोच पोचत नाही, आणि बाजूला दगड ठेवले. चौघांनीही दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. इथपर्यंत गोष्टीतल्यासारखंच, पण मग त्यांनी लहान आणि मोठे दगड एकत्र ठेवून बघितले, तर तीन पक्षी लवकरच मोठे दगड उचलायला शिकले, कारण कमी खेपा. मग पाण्याच्या ऐवजी लाकडाचा भुसा भरलेली नळी दिली, तर त्यात दगड टाकून काही फायदा नाही हे पण त्यांना कळलं. गोष्टीतला कावळा तहानलेला होता, इथे तहान नव्हती, अळी होती, पण आयडिया तीच. एवढी शतकं आपण मुलांना ती तात्पर्यासाठी सांगत आलो आणि कोणाला वाटलं नाही की बाबा, खरंच टाकतो का बघू तरी.

आमच्या गॅलरीत उन्हाळ्यात मातीचा सकोरा असतो, नागपुरात बऱ्याच घरी असतो, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पाण्याशिवाय पाखरांचे हाल होतात. त्या सकोऱ्यावर एक कावळा येतो, त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस अर्धवट पांढरं आहे म्हणून ओळखू येतो. तो पाणी प्यायला कमी आणि पोळी भिजवायला जास्त येतो. कुठून तरी शिळ्या पोळीचा वाळलेला, पापडासारखा कडक तुकडा आणतो, सकोऱ्याच्या काठावर बसतो, तुकडा पाण्यात सोडतो, मान वाकडी करून बघत थांबतो, एकदा चोचीने उचलून दाबून पाहतो, नाही झाला मऊ, परत सोडतो. एकदा मध्येच एक साळुंकी आली तर त्याने अर्धा भिजलेला तुकडा उचलून दुसऱ्या बाजूला नेला, तिला हाकललं, आणि परत आणून त्याच पाण्यात टाकला. पाच मिनिटांनी सकोऱ्यातलं पाणी म्हणजे पिठाची पेज. सासूबाईंचा याच्यावर भयंकर राग, "मेलं पाणी नासवते," पण पितृपक्षात त्याच कावळ्याला "ये बाबा, ये" करत वाडी दाखवतात. मला ते बघून नेहमी वाटतं की याला आपल्या दोघींचे चेहरे पक्के माहीत असणार, कोण हाकलतं आणि कोण फक्त बघत उभं राहतं. माझ्यासमोर तो पोळी भिजवतो, त्या आल्या की उडतो. पण हे पण मी मोजलेलं नाही, त्यामुळे याला रिसर्च म्हणायचं नाही.

नागपुरातच अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात १९१० च्या सुमारास सी. व्ही. रामन नोकरीला होते, दिवसभर सरकारी आकडेमोड. पुढे नोबेल वगैरे. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात शाळेच्या सहली जातात तेव्हा पोरांना डायनासोर दाखवतात, ते ठीकच आहे, पण एवढा मोठा माणूस आपल्या गावात हिशोब तपासत बसायचा हे पण सांगायला पाहिजे असं माझं आपलं मत.

बरं, पोळा. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, माहेर काटोलकडचं, संत्र्यांचा पट्टा, तिथे पोळा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणून बैलांना आमंत्रण, आणि मग दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, अंगावर गेरूचे ठसे, झूल, तोरणाखाली बैल उभे करून झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणायच्या. लहानपणी मामांच्या मागे बैलाला ठिपके देत फिरल्याच्या आठवणी आईंकडून इतक्यांदा ऐकल्यात की मीच दिल्यासारखं वाटतं. त्यामुळे जपानची बातमी वाचली तेव्हा त्यांनाच आधी सांगितली. तिथे तोमोकी कोजिमा आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा काळ्या गायींना झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले आणि चावणाऱ्या माशा मोजल्या. पट्टेवाल्या गायींवर बसलेल्या माशा निम्म्याहून कमी. २०१९ मध्ये हे छापून आलं, २०२५ चं जीवशास्त्राचं इग नोबेल मिळालं. पण मला पट्ट्यांपेक्षा जास्त कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे, त्यांनी काही वेळा त्याच गायींना काळ्या रंगाचे पट्टे पण दिले. काळ्या गायीवर काळे पट्टे! म्हणजे दिसायला फरक शून्य. कशाला? तर माशा रंगाच्या वासाने पळाल्या असतील तर ते कळावं म्हणून. काळ्या पट्ट्यांनी फारसा फरक पडला नाही, म्हणजे वास नाही, पट्टेच. दुसऱ्या एका टीमने झेब्र्यांवर आणि घोड्यांवर येणाऱ्या माशांचे व्हिडिओ काढले तर दिसलं की झेब्र्यांच्या माशा जवळ येतात, पण उतरताना वेग कमी करायला विसरतात, आपटतात नाहीतर तशाच पुढे निघून जातात.

आई म्हणाल्या, "म्हणजे आपण पोळ्याले करतो तेच." मी म्हटलं, "ठिपक्यांवर कोणी मोजलं नाही ना पण." त्या म्हणाल्या, "मग मोज म्हणा त्यायले, पोळ्याले या." आयडिया वाईट नाहीये खरं म्हणजे.

गाईगुरांवर असा बराच माल आहे. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोघांनी ५१६ दूधवाल्या शेतकऱ्यांना विचारून असं काढलं की जे लोक गायींना नावाने हाक मारतात त्यांच्याकडे गाय वर्षाला २५८ लिटर दूध जास्त देते. २००९ चं इग नोबेल. आमच्याकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही, ढवळ्या-पवळ्या, सर्जा-राजा, कपिला, नाव नसलेलं जनावर इकडे नसतंच. पण मला यात जरा पाल चुकचुकते. नावाने दूध वाढलं की जो माणूस नाव ठेवतो तोच वेळेवर पाणी-पेंडही देतो, हे नुसतं विचारून कसं कळणार? आणि दुसरी जर्मनीची, २००८ ची, गूगल अर्थवरचे फोटो बघून ३०८ कुरणांतल्या ८५१० गायी मोजल्या आणि म्हणे गायी उत्तर-दक्षिण तोंड करून उभ्या राहतात, पृथ्वीच्या चुंबकामुळे. जगभर गाजलं. मग २०११ मध्ये दुसऱ्या लोकांनी तसेच फोटो घेऊन परत मोजलं तर त्यांना काही दिसलं नाही. भांडण झालं. पहिली बातमी मला निदान चार ग्रुपवर आली होती, दुसरी एकाही ग्रुपवर नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी, आणि त्याच दिवशी मारबत. बाहेरच्यांना सांगते, काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य मारबती, म्हणजे बाईचे पुतळे, महाल-इतवारी भागातून वाजतगाजत निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ज्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची सालपटं काढलेली असतात, आणि लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" शंभराहून जास्त वर्षांची प्रथा. रोगराई, खोकला, ढेकूण, मच्छर, सगळं गावाबाहेर. हे सगळं भर पावसाळ्यात, म्हणजे बरोबर डेंग्यूच्या दिवसांत, म्हणून मच्छरांचं नाव तिथे अगदी बरोबर आहे. फक्त मारबत निघून जाते आणि उन्हाळ्यात वापरून गॅलरीत तसेच ठेवलेले कूलर तिथेच असतात, तळाला चार बोटं पाणी. डेंग्यूचा एडीस मच्छर नाल्यात नाही राहत, त्याला असं साठलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. नागपुरात घरटी एक कूलर, हिशोब करा.

मच्छर ठराविक लोकांनाच जास्त चावतात हे खरं आहे. आमच्या घरात तो मान नवऱ्याचा. "माझं रक्त गोड आहे ना" असं तो अभिमानाने सांगतो, बाकी कोणी गोड म्हणत नाही म्हणून असेल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वोसहॉल यांच्या लॅबने ६४ लोकांना हातावर नायलॉनचे स्टॉकिंग घालून बसवलं, घाम-तेल त्यात मुरलं की ते तुकडे एडीस मच्छरांसमोर ठेवले, दोन-दोन माणसांचे सामने लावले, आणि २०२२ मध्ये निकाल छापला. सगळ्यात लाडका माणूस आणि सगळ्यात नावडता माणूस यांच्यात शंभरपटीहून जास्त फरक! आणि वर्षं गेली तरी क्रमवारी तीच. रक्त गोड-बिड नाही, ज्यांच्या कातडीवर कार्बॉक्झिलिक ॲसिड जास्त तयार होतात ते लाडके. म्हणजे कातडीच्या तेलातला वास. हे सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला. गोड रक्त म्हटलं की कसं भारदस्त वाटतं, तेलकट कातडी म्हटलं की साबणाची जाहिरात.

आता एकच माणूस सांगते ज्याने कोणाचीही मदत न घेता मोजलं. डोनाल्ड उंगर, कॅलिफोर्नियाचे डॉक्टर. त्यांच्या लहानपणी आई, मावश्या आणि नंतर सासूबाई पण सांगायच्या की बोटं मोडू नको, संधिवात होतो. यांनी काय करावं? फक्त डाव्या हाताची बोटं मोडायला सुरुवात केली, दिवसाला किमान दोनदा, उजवा हात तसाच. पन्नास वर्षं! म्हणजे कमीत कमी ३६,५०० वेळा. १९९८ मध्ये लिहून कळवलं की दोन्ही हात सारखे, संधिवात कुठेच नाही. २००९ ला वैद्यकशास्त्राचं इग नोबेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे त्यांनाही माहीत असणारच, पण उजवा हात तुलनेला तसाच ठेवायचं सुचणं, आणि त्याहून म्हणजे पन्नास वर्षं उजव्याची मुद्दाम न मोडणं, हे मला तरी जमलं नसतं. कानशिलावर बोटं मोडून आलाबला घेणाऱ्या आपल्या आज्यांचे तर दोन्ही हात यात गुंतलेले, त्यांना तुलनेला हातच शिल्लक नाही. तो कट्ट आवाज येतो तेव्हा सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते हे कॅनडात २०१५ मध्ये चालू एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून बघितलं लोकांनी.

शेवटी कुत्र्यांच्या बाटल्या, कारण यावरून सध्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये वातावरण गरम आहे. फाटकापाशी, कुंपणाच्या भिंतीला, गाड्यांच्या चाकांजवळ लाल पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायच्या म्हणजे कुत्रं तिथे घाण करत नाही, हे नागपुरात गल्लोगल्ली दिसेल. तळमजल्यावरच्या काकू कुंकू कालवून भरतात. आता कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल म्हणजे मळकट तपकिरी काहीतरी. हे १९८९ पासून नीट माहीत आहे. आणि आपल्याच देशात, कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत, अनिंदिता भद्रा यांची लॅब फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करते, कोणाच्या पाळलेल्या लॅब्रॅडोरवर नाही. त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने एखाद्या भांड्याकडे बोट दाखवलं तर जी कुत्री जवळ यायची हिंमत करतात त्यातली सुमारे ८० टक्के बरोब्बर त्या भांड्याकडे जातात. पुढे असंही निघालं की वारंवार खायला घालणाऱ्यापेक्षा वारंवार डोक्यावरून हात फिरवणाऱ्यावर ती जास्त भरवसा ठेवतात. आणि २०२५ मध्ये, पिवळं आणि राखाडी भांडं समोर ठेवलं तर ती पिवळ्याकडे जातात, राखाडीत बिस्कीट किंवा चिकन असलं तरी आधी पिवळ्याकडे!

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी छान ऐकलं. मग म्हटलं, आपण असं करू, महिनाभर बाटल्या ठेवू, महिनाभर काढू, वॉचमनभाऊंनी रोज सकाळी वहीत फक्त टिक करायची, केलं की नाही केलं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ते बरोबर आहे तुमचं, पण बाटल्या काढल्या अन् कुत्र्याने केलं तर धुणार कोण?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी मधला मार्ग काढला, कुंकवाचं पाणी ओतून निळीचं भरलं, निळा दिसतो ना त्यांना, मग झालं तर. वही मी तरी पण आणून दिलीये, रेघा मारून, तारखा घालून. वॉचमनभाऊ त्यात सध्या टँकर किती आले ते लिहितात, आणि ते लिहिणं इतकं चोख आहे की मागच्या महिन्याच्या बिलात टँकरवाल्याशी भांडताना सेक्रेटरींनी तीच वही दाखवली.